सर्वे नंबर, फायनल प्लॉट, सीटीएस: पार्ल्याची जमीन कशी भरत गेली

प्रश्न थोडक्यात असा आहे. विलेपार्ले पूर्वेला साठच्या दशकातली एक सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली आहे. वकिलांच्या सर्च रिपोर्टमध्ये एकाच जागेला तीन नंबर आहेत: सर्वे नंबर आणि हिस्सा नंबर, मग टीपीएसचा, म्हणजे टाऊन प्लॅनिंग स्कीमचा, फायनल प्लॉट नंबर आणि शेवटी सीटीएस, म्हणजे सिटी सर्वेचा नंबर. वर लिहिलंय ‘तालुका दक्षिण साष्टी’. सोसायटीतले जुने सभासद सांगतात, इथे भातशेती होती, रेल्वे आली आणि गाव झालं. तर मग तीन नंबर कशाला, यातला खरा कुठला आणि पार्लं मुळात वाढलं कसं?

माझं काम टायटल, म्हणजे जमिनीची मालकी, शोधण्याचं. उपनगरांतले जुने दस्त, फेरफार, गावनकाशे यांतच माझा दिवस जातो, त्यामुळे उत्तर कागदांच्या बाजूने देतो. तिन्ही नंबर खरे आहेत. पहिला शेताचा, दुसरा वसाहतीचा, तिसरा शहराचा. हा क्रम नीट लागला की पार्ल्याचा बहुतेक इतिहास हाताला लागतो.

आधी ‘रेल्वे आली आणि गाव झालं’ हे जरा बाजूला ठेवू या, कारण तारखा त्याला साथ देत नाहीत. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया, आताची पश्चिम रेल्वे) गाडी 1864 मध्ये ग्रँट रोडपर्यंत आली. एप्रिल 1867 मध्ये विरारहून बॅकबेपर्यंत रोज एक गाडी सुरू झाली. ती अंधेरीला थांबे, सांताक्रूझला थांबे, वांद्र्याला थांबे. पार्ल्याला थांबत नसे. रूळ शेतांमधून गेले आणि शेतं तशीच राहिली, पुढची जवळजवळ चाळीस वर्षं. पार्ल्याला थांबा मिळाला तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. म्हणजे नुसत्या रुळांनी उपनगर होत नाही. शहरातून बाहेर पडण्याची गरज लागते, पोचल्यावर विकत घेता येईल असा तुकडा लागतो आणि त्या तुकड्यापर्यंत जायला रस्ता लागतो. या तिन्ही गोष्टी जुळेपर्यंत पार्ल्यात भातच पिकत होता.

त्याआधीचं पार्लं म्हणजे साष्टी बेटावरची खेडी. सर्च रिपोर्टमधल्या ‘दक्षिण साष्टी’तली साष्टी ती हीच. 1534 च्या वसईच्या तहाने साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. मराठ्यांनी 1737 ते 1739 च्या मोहिमेत ती घेतली आणि 1774 च्या अखेरीला इंग्रजांनी ठाणं जिंकून ती आपल्याकडे ओढली. सालबाईच्या तहाने, 1782 मध्ये, ती त्यांच्याकडे कायम झाली. राज्यं बदलली तरी जमिनीवरची माणसं बहुतांशी तीच होती: आगरी, कोळी, भंडारी, कुणबी आणि पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेली त्यांचीच भावकी, जी पुढे 1887 पासून स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवू लागली. सखल भागात भात, किनाऱ्याकडे ताड-माड आणि ताडीचा धंदा, भरतीचं पाणी बांध घालून अडवलेली खाजणं. जुहू तर तेव्हा भरतीला वेगळं पडणारं बेटच होतं. घरं मात्र शेतात नसत. ती उंचवट्यावर, एकमेकांना चिकटून, गावठाणात असत. पार्ल्याचं गावठाण, इर्ल्याचं गावठाण, पलीकडे सहार, चकाला, बांदिवली.

ही गावठाणं आजही पायाने ओळखता येतात. रस्ता एकदम अरुंद होतो, वळतो आणि वळताना काटकोन पाळत नाही. घराला बाहेरून जिना असतो, पुढे ओटा असतो, नाक्यावर क्रूस असतो. तिथून शंभर पावलांवर सरळ रस्ता लागला की समजावं, गावठाणाची हद्द संपली आणि पूर्वीच्या शेताची सुरू झाली.

इंग्रजांच्या काळात साष्टीतली गावंच्या गावं मोठ्या इस्टेटींना दिली गेली. पवईची फ्रामजी कावसजी बनाजी यांची इस्टेट सगळ्यांना ठाऊक असते, पण अशा खोती-इनामाच्या जमिनी साष्टीत सगळीकडे होत्या. सर्च रिपोर्टमध्ये जुना मालक पारशी खोत आणि त्याच्या हाताखाली कसणारी ईस्ट इंडियन किंवा आगरी कुळं, असं चित्र वारंवार येतं ते त्यामुळे. या इस्टेटींची महसूलमाफी काढली ती ‘सॉल्सेट इस्टेट्स’ नावाच्या 1951 च्या कायद्याने. तोपर्यंत बरीच जमीन प्लॉट पडून विकलीही गेली होती. कसणाऱ्या कुळाच्या पदरात काय पडलं, हे प्रत्येक सर्वे नंबरला वेगळं आहे, आणि रिडेव्हलपमेंटच्या वेळी अचानक उगवणारे हक्कदार बहुधा याच थरातून येतात. त्यांना ‘उपटसुंभ’ म्हणून झटकू नका. आधी फेरफार वाचा.

आता गरजेबद्दल. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत प्लेगचा पहिला रोगी सापडला आणि मुंबईची दाट वस्ती भीतीने उसवली. 1898 मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा कायदा झाला. ट्रस्टने माटुंगा, दादर, शीव इथे आखीव वसाहती केल्या, पण ट्रस्टचा हात माहीमच्या खाडीशी थांबत होता. खाडीपलीकडे साष्टीत जमीन स्वस्त होती आणि महापालिका नव्हती. गिरगाव-ठाकूरद्वारच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या कारकुनाला, मास्तराला, वकिलाला दादरची लीज परवडत नसेल तर पुढचा पर्याय हा होता. लोकल थांबायला लागल्यावर तो खरा झाला.

पण शेत विकत घेऊन घर बांधता येत नाही. भातशेतीचा तुकडा लांबट, वाकडा, बांधाबांधाने फिरणारा. चार भावांनी वाटून घेतला की हिस्सा नंबर एक, दोन, तीन, चार. शेवटच्या हिश्श्याला रस्ताच नाही. इथे 1915 चा मुंबई नगररचना कायदा कामाला आला. सगळ्या दस्तांमध्ये मला याचंच महत्त्व सर्वात मोठं वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टाऊन प्लॅनिंग स्कीममध्ये सरकार जमीन विकत घेत नाही. एका मोठ्या पट्ट्यातले सगळे तुकडे कागदावर एकत्र केले जातात. त्यांना ‘ओरिजिनल प्लॉट’ म्हणतात. मग त्यातून रस्ते, मोकळ्या जागा, शाळेची जागा काढून घ्यायची आणि उरलेली जमीन चौकोनी करून मूळ मालकांना परत वाटायची. हे ‘फायनल प्लॉट’. प्रत्येकाची जमीन थोडी कमी होते, पण तिला रस्ता मिळतो, तोंड मिळतं आणि भाव वाढतो. त्या वाढलेल्या भावाचा काही हिस्सा मालकाने स्कीमच्या खर्चाला द्यायचा. कुणाचं किती गेलं, कुणाला किती मिळालं, कुणी किती भरायचे हे सगळं लवाद ठरवत असे आणि ते एका तक्त्यात येई. आम्ही त्याला ‘बी फॉर्म’ म्हणतो. जाहीर होण्यापासून अंतिम होण्यापर्यंत अशा स्कीमची वर्षानुवर्षं जात, वारस बदलत, तक्रारी चालत. तरीही काम झालं. वांद्रे, खार, सांताक्रूझ, पार्ले या सगळ्या भागांत स्कीमा झाल्या, पार्ल्यात तर एकाहून अधिक. म्हणूनच दस्तात ‘टीपीएस’च्या पुढे रोमन आकडा असतो. तो आकडा चुकला तर दुसऱ्याच कुणाच्या प्लॉटचे कागद हातात येतात.

शिवाय खासगी आखणीही झाली. पार्ले पूर्वेला ‘तेजपाल स्कीम’ हा पत्ता आजही चालतो, रोड नंबर एक, दोन, तीन असा. पत्त्यात ‘स्कीम’ आणि रस्त्याला नुसता नंबर दिसला की तिथे कुणीतरी एका वेळी, एका कागदावर, पट्टी धरून आखणी केलेली असते.

बदल कसा झाला हे पाहायचं असेल तर खरेदीखताची चतुःसीमा वाचावी. जुन्या दस्तात साधारण असं असतं: पूर्वेस अमक्याचं भातशेत, पश्चिमेस ओहोळ, उत्तरेस तमक्याच्या हिश्श्याचा बांध, दक्षिणेस पाऊलवाट. त्याच जमिनीचा वीस-पंचवीस वर्षांनंतरचा दस्त काढला तर पूर्वेस चाळीस फुटी रस्ता, पश्चिमेस फायनल प्लॉट नंबर अमुक, उत्तरेस अमक्या गृहस्थाचा बंगला. माणसांची नावं गेली, नंबर आले. ओहोळ मात्र दुसऱ्या दस्तातून गायब होतो, जमिनीवरून होत नाही. त्याच्याकडे नंतर येतो.

आणि मग विसाचं दशक. पार्ल्याच्या बाबतीत हे दशक इतकं गच्च भरलेलं आहे की नुसत्या तारखा लावल्या तरी कळतं. 1 ऑक्टोबर 1920 रोजी ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला, मुख्यालय वांद्रे. 1921 मध्ये पार्ले टिळक विद्यालय. 1923 मध्ये लोकमान्य सेवा संघ. जानेवारी 1928 मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या. त्याच वर्षी जुहूचा विमानतळ, जिथे 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले. 1929 मध्ये बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, म्हणजे आपली बीएसईएस. त्याच वर्षी पार्ल्याचा कारखाना, ज्याच्या बिस्किटांनी पार्ल्याचं नाव पार्ल्यापेक्षा लांब पोचवलं. बिस्किटं सुरू झाली ती 1939 मध्ये, आणि तो कारखाना 2016 मध्ये बंद झाला. सकाळी स्टेशनात उतरल्यावर येणारा बिस्किटांचा वास पार्लेकर अजून काढतात, काढू देत.

यातला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. लोकमान्य गेले 1 ऑगस्ट 1920 रोजी. वर्षाच्या आत पार्ल्यात त्यांच्या नावाची शाळा उभी राहिली आणि वीज अजून आठ वर्षं लांब होती. पाणी विहिरींचं होतं. म्हणजे इथे आलेल्या लोकांनी सोयींची वाट न पाहता आधी शाळा काढली, मग संघ काढला. शाळा आहे म्हणून पुढची कुटुंबं आली, कुटुंबं आली म्हणून प्लॉट विकले गेले. पश्चिमेला हेच काम गुजराती कुटुंबांनी केलं. विलेपार्ले केळवणी मंडळ 1934 चं. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात जमनालाल बजाज यांची छावणी पार्ल्यातच पडली, तिलाही ही नव्याने वसलेली, शिकलेली, संस्था काढायला उत्सुक वस्ती उपयोगी पडली असणार.

इमारती कशा होत्या? सहाशे चौरस वारांचा प्लॉट, मध्ये बैठा किंवा एक मजली बंगला, मागे विहीर, आउटहाउस, कडेने नारळ, सोनचाफा, परसात अळू. काही मालकांनी वरचा मजला भाड्याने दिला, काहींनी मागच्या बाजूला चाळीवजा खोल्या बांधल्या. म्हातारपणी भाड्यावर घर चालेल, हा त्या पिढीचा हिशेब होता.

तो हिशेब 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने मोडला. प्रमाणित भाडं बहुतेक ठिकाणी सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधलं गेलं. फाळणीनंतर मुंबईत माणसं लोटत होती, घरं हवी होती, पण भाड्यासाठी घर बांधण्यात कुणालाच अर्थ उरला नाही. बंगलेवाल्याकडे जमीन होती, पैसा नव्हता. गिरगावातल्या नोकरदाराकडे थोडा पैसा आणि ऑफिसातून कर्ज, पण जमीन नव्हती. या दोघांच्या मधे बिल्डर आला आणि ‘ओनरशिप’ आली. 1960 चा सहकारी संस्था कायदा आणि 1963 चा ओनरशिप फ्लॅट्सचा कायदा, म्हणजे मोफा, हे त्याच व्यवहाराला घातलेले लगाम. प्रश्नातली सोसायटी याच लाटेतली आहे.

दरम्यान पार्ल्याचा पत्ता बदलला. 1950 मध्ये मुंबई महापालिकेची हद्द पश्चिमेला अंधेरीपर्यंत आली, 1957 मध्ये दहिसरपर्यंत गेली. स्थानिक नगरपालिका संपल्या. गटारं, पाणी, बांधकामाची परवानगी सगळं महापालिकेकडे. त्याच सुमाराला, 1957 मध्ये, वैतरणेचं मोडक सागर धरण झालं. विमानतळ जुहूहून सांताक्रूझला सरकला आणि पार्ले पूर्वेच्या डोक्यावर कायमचा बसला. पश्चिमेला हाउसिंग बोर्डाने जुहू-विलेपार्ले डेव्हलपमेंट स्कीम आखून सोसायट्यांना लीजने जमिनी दिल्या. तिथल्या रस्त्यांची नावंच ‘नॉर्थ-साऊथ रोड नंबर’ अशी, म्हणजे आखणाऱ्याने कंपास टेबलावरून उचलला नव्हता. 1960 च्या मागेपुढे कॉलेजं आली: 1959 चं पार्ले कॉलेज, म्हणजे आताचं साठ्ये, मग डहाणूकर, मग मिठीबाई.

शहर म्हटल्यावर सिटी सर्वे आला, त्यातल्या प्रत्येक जागेचा मालक आणि क्षेत्र सांगणारं प्रॉपर्टी कार्ड आलं आणि तिसरा नंबर पडला: सीटीएस.

इथपासून पुढे पार्ल्यात नवी जमीन जवळजवळ निघालेलीच नाही. प्लॉट तेच, रस्ते तेच. वाढ झाली ती उभी. हा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. सहाशे चौरस वार म्हणजे सुमारे 500 चौरस मीटर. तेव्हा उपनगरात एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा, एक होता; म्हणजे बांधकामही 500 चौरस मीटर. एक तृतीयांश जागेवर तळमजला अधिक दोन मजले केले की संपलं. जुन्या पार्ल्यातल्या तीन मजली सोसायट्या इतक्या सारख्या दिसतात त्याचं कारण हा भागाकार. 1991 च्या नियमांनी टीडीआर, म्हणजे बांधकामाचा हक्क दुसरीकडे नेण्याची सोय, आणला. कुठेतरी आरक्षणात गेलेल्या जमिनीचा मोबदला म्हणून मिळालेलं बांधकाम दुसरीकडे वापरायचं, पण ते शहर बेटात नाही, उपनगरात. म्हणजे सगळ्या मुंबईच्या आरक्षणांचं ओझं उत्तरेकडच्या प्लॉटांनी उचललं. त्याच 500 मीटरच्या प्लॉटवर दुप्पट बांधकाम बसलं आणि समोरचा रस्ता मात्र बंगल्यांच्या काळात आखलेलाच राहिला.

माझं मत विचाराल तर 1915 च्या पद्धतीत एक शहाणपण होतं जे पुढे सुटलं. तिथे रस्ता आणि प्लॉट एकाच कागदावर, एकाच वेळी ठरत होते आणि खर्चाचा वाटा मालक उचलत होता. टीडीआरमध्ये मजले आधी आले, रस्त्याचं कुणी विचारलंच नाही. पार्ले पूर्वेला यावर एकच ब्रेक लागला, तो विमानतळाचा. फनेलमध्ये, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या मार्गाखाली, येणाऱ्या इमारतींना उंचीची मर्यादा असल्यामुळे मंजूर एफएसआय कागदावर असूनही वापरता येत नाही आणि कित्येक सोसायट्या अडकून पडल्या आहेत. राहणाऱ्यांच्या दृष्टीने हा अन्याय आहे यात शंका नाही. रस्त्याच्या दृष्टीने कदाचित उपकार असेल, पण हे मी सोसायटीच्या सभेत उभं राहून बोलणार नाही.

आता तो ओहोळ. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्यानंतर जुने गावनकाशे काढून बघितले तर पाणी कुठे तुंबलं आणि कुठे नाही, याचा मेळ बऱ्याच ठिकाणी बसतो. गावठाणं उंचावर, तिथे तुलनेने कमी. भाताच्या खाचरांवर आणि ओहोळाच्या पात्रावर आखलेल्या प्लॉटांत तळमजले बुडाले. इर्ल्याचा नाला हा त्यातला मुख्य प्रवाह, तो पश्चिमेला समुद्राकडे जातो. पुढे तिथे महापालिकेने पंपिंग स्टेशन उभारलं, कारण भरती असताना पाणी आपोआप बाहेर पडत नाही. खाजणात शेती करणाऱ्यांना हे माहीत होतं. त्यांची उघडझाप बांधाची आणि लाकडी फळ्यांची होती, आता मोटारींची आहे.

आता कामाचं. तुमच्या तीन नंबरांपैकी टीपीएस अंतिम झालेल्या भागात हक्क आणि क्षेत्र ठरवायला फायनल प्लॉट आणि बी फॉर्म हाच पाया. मूळ सर्वे नंबरातले हक्क स्कीमने फायनल प्लॉटमध्ये वळते झालेले असतात, म्हणून सर्वे नंबर हा मालकीची साखळी मागे नेण्यासाठी. प्रॉपर्टी कार्डावरचं सीटीएसचं क्षेत्र फायनल प्लॉटपेक्षा कमी-जास्त निघणं पार्ल्यात नेहमीचं आहे. बिल्डर नेमण्याआधी संयुक्त मोजणी करून घ्या आणि फरक असेल तर कार्ड दुरुस्त करून घ्या, कारण एफएसआय त्यावरच निघणार. कन्व्हेअन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणारा दस्त, झालेला आहे का बघा. साठच्या दशकातल्या बऱ्याच सोसायट्यांच्या नावावर जमीन अजून झालेलीच नाही आणि कार्डावर जुन्या बंगलेवाल्याचं किंवा त्याच्याही आधीच्या खोताचं नाव असतं. तसं असेल तर डीम्ड कन्व्हेअन्सचा, म्हणजे मालकाच्या सहीवाचून सरकारी अधिकाऱ्याकडून जमीन नावावर करून घेण्याचा, अर्ज आधी, टेंडर नंतर. उंचीचं नाहरकत प्रमाणपत्र विमानतळ प्राधिकरणाकडून घ्यायचं तेही टेंडरच्या आधी, नाहीतर बिल्डर सांगेल तितके मजले तुम्ही स्वप्नात मोजत बसाल. आणि गावनकाशाची नक्कल काढा. नकाशात तुमच्या प्लॉटमधून ओहोळ गेलेला दिसला तर बेसमेंट पार्किंग घेऊ नका.